शेळीचोरीतली माझी साक्ष

मी कुठे तोंडच उघडत नाही म्हणता ना? एकदा उघडलं होतं, सांगलीला, ताईच्या लॉ कॉलेजात.

परीक्षेसाठी ताईचा लुटुपुटुचा खटला होता, शेळीचोरीचा. तिची साक्षीदार मैत्रीण आयत्या वेळी आजारी पडली, म्हणून आटपाडीहून मला बोलावलं. समोरचे वकील म्हणजे उलटतपासणी शिकवणारे नावाजलेले सर. न्यायाधीश होत्या पुरावा कायदा शिकवणाऱ्या बाई, म्हणजे सरांच्या मिसेस. मी गडबडले की ताईचे मार्क गेले.

सर जवळ येऊन गरजले, "शेळी कुठल्या रंगाची?"

"का... काळी."

"तुला कोणीतरी पढवून पाठवलंय. होय की नाही?"

खरं बोलायची शपथ मी नुकतीच घेतली होती. "होय," मी म्हणाले.

ताईने कपाळावर हात मारला. सर खुलले. "कोणी?"

"ताईनं."

"काय पढवलं? शब्द न् शब्द सांग!"

"ती म्हणाली, 'सर लय वरडत्यात, पर तू भिऊ नगंस. घरात बाईंनी नुसतं बघितलं तरी त्येंची बोबडी वळती.'"

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आक्षेप!" सर ओरडले. "ही ऐकीव माहिती आहे!"

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "आणखी काही विचारायचंय?"

"ना... नाही, काही नाही," सर म्हणाले.

बाईंनी पेन उचललं. "साक्ष शाबीत झाली."