माझी उत्तरपत्रिका आधी तपासावी

नाव: ओळखपत्राप्रमाणे, गल्लीत रंगारीअप्पा म्हणतात. वय: ५१. धंदा: घरांना रंग देणे. राहणार: बेकरीच्या मागे, दुसरा मजला.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, माझी मुलगी कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला आज दुसऱ्यांदा बसली. पहिल्या वेळी मार्क कमी पडले, तेव्हापासून मी तिला रोज ऐकवत असे की मन लावून वाचलं की सगळं येतं. शेवटी ती म्हणाली, "अप्पा, उंटावरून शेळ्या हाकू नका. एकदा बसून दाखवा." परीक्षेला वयाची अट नाही. तिने रागाच्या भरात आपल्या फॉर्मपाठोपाठ माझाही भरला. त्यामुळे आमचे नंबर लागून आले आणि मी बरोबर तिच्या मागच्या बाकावर बसलो. यात कट असलाच तर तो कॉम्प्युटरचा आहे.

पेपर फार सोपा होता. प्रश्नाखाली चार गोल, त्यांतला एक काळा करायचा. वाचायला गेलो तर पहिलाच प्रश्न डोक्यावरून गेला. मग वाचणं सोडलं आणि रंगकाम हाती घेतलं. एकही प्रश्न कोरा ठेवला नाही. भिंतीचा कोपरा कोरा राहिला तर गिऱ्हाईक पैसे कापतं, एवढंच मला ठाऊक. इथे कोऱ्याचं काही कापत नाहीत, चुकीचा गोल रंगवला तर मार्क कापतात, हे फौजदारसाहेबांनी आत्ता चहा पिताना समजावलं. मोठ्या विद्वानांचं डोकं असणार त्यामागे.

माझं काम उरकलं तरी मुलगी मान खाली घालून आकडेमोडच करत होती. मला काळजी वाटली. हळूच विचारलं, "येतंय ना गं?" ती मान न वळवता म्हणाली, "अप्पा, गप्प बसा ना." आमच्यात एवढंच बोलणं झालं. पर्यवेक्षक बाईंनी दोघांचे पेपर काढून घेतले आणि पोलीस बोलावले. बापाने मुलीला उत्तरं पुरवली, असा त्यांचा आरोप आहे. माझ्या हुशारीवर इतका विश्वास घरातही कोणी दाखवलेला नाही. अहो, आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मुलीचा पेपर रोखून ठेवला आहे. तिचं वर्ष वाया जाईल. ती बाहेरच्या बाकावर बसली आहे आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाही. हे मला सहन होत नाही.

सबब विनंती की, माझी उत्तरपत्रिका आधी तपासावी आणि मुलीच्या पेपरशेजारी ठेवून बघावी. माझे गुण शून्याच्याही खाली निघतील. ते केंद्राच्या दारावर लावले तरी माझी हरकत नाही. या प्रकरणात मूर्ख मी आहे, मुलगी नाही.

हवालदारांनी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला मुलगी दारात येऊन म्हणाली, "तेवढा शब्द खोडा, काका." मी राहू द्या म्हणालो. सांगितलं तसंच लिहिलं आहे. तो शब्दही माझाच असून बरोबर आहे.