हवेतलं नाव

परवाना कार्यालयाच्या रांगेत शिंपीणबाई आपल्या दुकानाचा परवाना वाढवायला उभ्या होत्या. पुढचं म्हातारं जोडपं हळू आवाजात भांडत होतं, म्हणूनच बाईंचे कान टवकारले.

"हौसेपायी रेडिओवरून चार लोकांशी बोलायचं, त्याची सरकारला फी कशाला? हवा काय त्यांच्या बापाची आहे?"

"फी नसती तर कोणीही उठून बडबडला असता. मग त्या रात्री त्या बुडत्या बोटीची मदतीची हाक तुम्हाला रेडिओवर ऐकू आली असती का?"

"हाक मी कानांनी ऐकली. फीनं नाही."

"बरं! पण हट्टानं फी थकवलीत, परवाना गेला आणि घर मुकं झालं. भिंतीपलीकडे तुमचं बोलणं चालू असलं की मला झोप लागायची."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

एवढ्यात त्यांचा नंबर आला. कारकुनानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"आजोबा, मुदत केव्हाच उलटली. तुमचं हवेतलं नाव, म्हणजे रेडिओवर ओळख सांगायची ती अक्षरं, आता दुसऱ्या कोणाला दिलीत."

"अहो, जगभर लोक मला त्याच नावानं ओळखतात."

"नवीन मिळेल. परीक्षा पुन्हा द्यावी लागेल."

म्हातारा खिडकीपासून मागे सरला. म्हातारी खिडकीशी वाकली.

"नुसतं ऐकायला परवाना लागतो का हो?"

"नाही, आजी. ऐकायला काही लागत नाही."

"मग चला घरी."

"ऐकायचं काय पण आता?"

"तुमच्या नावानं कोण बोलतंय ते."