सहावी दुरुस्ती, चौदावा महिना

कोरिन : नाही लाव्हर्नबाई, इथं पडद्यामागे यायचं नसतं. मध्यंतर दहाच मिनिटांचं आहे. वक्त्यांना घोटभर पाणी तरी पिऊ द्या.

लाव्हर्न : पिऊ देत की. मी काय पेला हिसकावून घेतलाय? एलिसदादा, एकच विचारते. माझं कार्ड का वाचत नाही तुम्ही?

एलिस : कुठलं कार्ड?

लाव्हर्न : प्रश्नाचं! खुर्चीवर पांढरं कार्ड ठेवलेलं असतं, त्यावर लिहायचं आणि टोपलीत टाकायचं. पाच शनिवार, पाच व्याख्यानं, पाच कार्डं. आजचं सहावं. तुम्ही वाचता काय, तर ‘अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्यांना उन्हाळ्यात केसांचे टोप घालून उकडत नव्हतं का?’ लोक खिदळतात. मी आपली नावाची वाट बघत बसते.

एलिस : माझ्या हातात येतात तेवढीच वाचतो मी. कोरिनबाई?

कोरिन : मी निवडते. ग्रंथालयाची प्रमुख म्हणून ते माझं काम आहे. दाराशी पाटीच लावलीय, प्रश्न सर्वसाधारण असावेत.

एलिस : आणि हिचे पाचही वगळले?

कोरिन : एकच प्रश्न पाच वेळा आला.

लाव्हर्न : उत्तर मिळालं असतं तर सहाव्यांदा कशाला आला असता?

एलिस : काय विचारलंयस, लाव्हर्न?

लाव्हर्न : माझा रोडेल चौदा महिने काउंटीच्या तुरुंगात आहे. खटला उभाच राहिलेला नाही. तारीख सहा वेळा पुढे गेली, सरकारनं दिलेला वकील तीनदा बदलला. तांब्याची तार चोरली म्हणतात. चोरली असेल तर शिक्षा द्या, नसेल तर घरी सोडा. आत्ता अर्धा तास तुम्ही छातीवर हात ठेवून सांगत होता, राज्यघटनेची सहावी दुरुस्ती म्हणते की आरोपीचा खटला विनाविलंब चालला पाहिजे. मला एवढंच कळू द्या, चौदा महिन्यांना काय म्हणायचं मग?

एलिस : रोडेल? तुमच्या फाटकावर चढून माझ्या हातातली पत्रं ओढायचा, तो?

लाव्हर्न : तोच. बावीसचा झालाय. हाडं मोजता येतील असा.

एलिस : कोरिनबाई, हा प्रश्न सर्वसाधारण नाही? आजचं अख्खं व्याख्यान या एका ओळीवर उभं आहे!

कोरिन : पहिल्या रांगेत कोण बसलंय ते पाहिलंत ना? शेरीफ ब्रुनर. काउंटीचे पोलीस आणि तुरुंग, दोन्ही त्याच्याच हाती. शेजारी सरकारी वकील. मंगळवारी ग्रंथालय चालवण्यासाठीच्या करावर गावात मतदान आहे. हरलो तर मिल स्ट्रीटची शाखा बंद. शेरीफनं आपल्या बाजूनं पत्रक काढलंय. त्याच्या तोंडावर हे वाचायचं? आणि तुमची दोन व्याख्यानं अजून राहिलीत. आठ वर्षं मागत होतात ही मालिका. टपाल वाटणाऱ्याला कोण व्यासपीठ देतं, असं तुम्हीच म्हणाला होतात.

एलिस : म्हणालो होतो. ते खरंच आहे. हे बघ लाव्हर्न... मंगळवार तेवढा जाऊ दे. पुढच्या शनिवारी मी स्वतः...

लाव्हर्न : पुढच्या शनिवारी! कोर्टातला कारकून हेच म्हणतो. अगदी हाच आवाज, मान अशीच खाली. तुम्ही त्याच्याकडून शिकलात, की तो तुमच्या व्याख्यानांना येतो?

एलिस : आण ते कार्ड. वाचतो मी. आत्ता, सगळ्यांसमोर.

कोरिन : वाचाल हो. टाळ्या पडतील. मग तुम्ही घरी जाऊन गरम सूप प्याल. यांचा मुलगा कुठं झोपणार आहे? त्या कोठडीची किल्ली कुणाच्या कमरेला आहे? कार्डावर यांनी स्वतःचं नाव लिहिलंय, मुलाचं नाव लिहिलंय, कोठडीचा नंबरसुद्धा. मला भित्री म्हणायचं तर म्हणा. पण फक्त करासाठी नाही लपवलं मी.

लाव्हर्न : मला विचारलंत?

कोरिन : काय?

लाव्हर्न : पाच शनिवार दारात हसून ‘कशा आहात’ म्हणता, कॉफी देता. एकदा तरी विचारलंत, लाव्हर्न, तुला भीती वाटते का? वाटते. रविवारी भेटायला जाते तेव्हा काचेतून आधी त्याचं तोंड बघते, नवा वण आहे का. मग हॅलो म्हणते. हा सगळा विचार करूनच नाव घातलंय मी. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, आई, नाव लिही. नाहीतर मी इथं आहे हेसुद्धा कुणाच्या लक्षात राहायचं नाही.

कोरिन : मला वाटलं, मी तुम्हाला सांभाळतेय.

लाव्हर्न : सगळ्यांना तसंच वाटतं. शेरीफलाही वाटत असेल.

कोरिन : हे बोलणं बरोबर नाही, लाव्हर्नबाई.

लाव्हर्न : नसेल. माझ्याकडे बरोबर बोलायला वेळ नाही.

एलिस : मी वाचणार नाही हे कार्ड.

लाव्हर्न : झालं! फिरला म्हातारा.

एलिस : अगं, ऐकून तर घे. मी वाचलं की ते माझं व्याख्यान होईल. पदरची दोन वाक्यं घालीन, खोड आहे मला. लोक म्हणतील, काय छान बोलला. आणि गाड्या काढून जातील घरी. प्रश्न तुझा आहे. तू विचार. उत्तर मी देईन, आडवळणानं नाही, सरळ.

कोरिन : कार्डाशिवाय प्रश्न घेता येत नाही, एलिस. मला माईक बंद करावा लागेल.

लाव्हर्न : करा. शाळेच्या खानावळीत तीनशे पोरांना रांगेत उभं करते मी. माईक कुणी दिलाय?

एलिस : बंद करायचा तर सगळ्यांच्या देखत करा, कोरिनबाई. इथून, पडद्यामागून बटण दाबू नका.

कोरिन : आणि शाखा गेली तर? दुपारी तिथं अभ्यासाला येणाऱ्या मुलांना मी काय सांगू?

एलिस : कुलपासमोर मी उभा राहीन. का बंद झाली ते मी सांगेन. माझी पुढची दोन्ही व्याख्यानं तिथंच, पायरीवर. ऐकायला आलं कुणी तर.

लाव्हर्न : माझी नातही तिथंच जाते, बाई. मला हे फुकटात पडतंय असं समजू नका.

कोरिन : वेळ झाली. लोक बसले.

(तिघं सभागृहात येतात. पहिल्या रांगेतली कुजबुज थांबते.)

कोरिन : मंडळी, प्रश्नोत्तरं सुरू करू या. आज पहिला प्रश्न... आज पहिला प्रश्न कार्डावरचा नाही.

एलिस : ये लाव्हर्न. सावकाश. पायरी आहे तिथं. कोरिनबाई, माईक?

कोरिन : चालू आहे.

लाव्हर्न : माझं नाव लाव्हर्न पिकेट. मागच्यांना ऐकू येतंय ना?