ओकासिओच्या बदल्यात

– नाही हो, वहीला हात नका लावू, अजून भरतोय. वाचून दाखवतो की: १४ सप्टेंबर, रविवार, ढगाळ, सरोवरावरून गार वारा. बेसबॉलची नववी, म्हणजे शेवटची इनिंग. आपण तीन, पाहुणे दोन. त्यांचे दोन बाद, एक जण पहिल्या बेसवर, आणि बॅटिंगला कोण? ओकासिओ! आमचा ओकासिओ – नऊ वर्षं इथं कॅचर होता, बॅटवाल्यामागं उकिडवा बसून चेंडू झेलायचा, जुलैत ह्या पाहुण्यांनाच देऊन टाकला. कुणाच्या बदल्यात? हा समोर थुंकतोय ना, लिंडगार्ड, चेंडू फेकणारा, बावीस वर्षांचा पिचर. दुभती म्हैस देऊन रेडकू आणलं! कुणी केला हा सौदा? वर ती काचेची खोली दिसते? तिथं एक चष्मेवाला आकडे मांडत बसतो. जन्मात कधी ग्लोव्ह घातला नाही – म्हणजे घातला, सहा वर्षांचा होता तेव्हा, मीच घालायचो त्याच्या हातात… हो. माझाच. टॉड. तुम्ही बसलात ती त्याची खुर्ची. सौद्यानंतर घरी जेवताना म्हणाला, "पप्पा, उकिडवं बसून बसून ओकासिओचे गुडघे गेलेत." मी म्हटलं, "तुझी अक्कल गेलीय, ऊठ." उठला. ताट तसंच. सहा आठवडे झाले, फोन नाही – स्ट्राइक! पाहिलंत? – मी ओरडलो त्याच्यावर? कधी? – अहो, मालकानं सांगितलंय म्हणे त्याला, हा सौदा फसला तर घरी बस. आमची ही सांगत होती. मला कोण सांगतंय! – दुसरी! दोन स्ट्राइक! तिसरीला तो बाद, मॅच आपली. आता एकच. एक पडली की जिना चढून वर जातो, म्हणतो, "बाळा, तुझंच बरोबर होतं." एवढंच. एकतीस वर्षांत चेंडू पडायच्या आधी पेन्सिल टेकवली नाही मी – हे बघा, केली बादची खूण. टाक रे पोरा, गुडघे गेलेत त्याचे, टाक –

…

बसा खाली. कुंपणापलीकडे गेला, उभं राहून काय दिसणार? दोन धावा त्यांच्या.

खोडरबर… राहू दे. आपली शेवटची पाळी तुम्ही भरा. धरा हो, चावत नाही वही. पेन्सिल आत आहे. पाय घ्या जरा. वर जायचंय मला.

वहीतली शेवटची ओळ, दुसऱ्याच अक्षरात: तिघेही बाद. पाहुणे ४, आपण ३.