शत्रूंचा चहा

शेवटी स्वस्त गेमच घेतला गेला. पण ते अजून झालेलं नाही असं समजा, कारण सुरतेत उधन्याच्या सलूनमध्ये योगराज आणि हिलाल हे दोघे लूम कामगार माझ्यापुढे नंबर लावून भांडत होते. खोली एक, कॉम्प्युटर एक, वर्गणी एक, आणि आठवड्याची एकुलती एक रजा संपत चाललेली.

“योगराजभाऊ, चार हजारवालाच घेऊ. गोळी लागली की भिंतीचा रंग उडतो त्यात.”

“आपल्या खोलीत गोळी न लागता उडतो. तीनशेवाला घे.”

“त्याच्या डेमोत शत्रूच तीन आहेत, भो! तेच तेच परत येतात.”

“लूमवर रोज कोण नवीन येतं? तीन आहेत म्हणून ओळख राहते.”

“बनवणाराही एकटाच माणूस.”

“म्हणून तर ऐकतो. मी त्याला लिहिलं, बारा तास ड्यूटी करून येतो, खेळायला बसल्याबरोबर गोळ्या नका झाडू. चौथ्या दिवशी अपडेट आला. आता शत्रू आधी चहा पितात.”

“खरंच?”

“एक जण बिस्किट बुडवतो.”

“मोठी कंपनी पण ऐकेल.”

“मग लिही. चहा मिळाला तर चार हजार तिचे.”

हिलालचा नंबर लागला. गळ्याला कापड बांधलेलं असतानाच तो मोबाइलला कंपनीचं पत्र सांगू लागला.

“माननीय व्यवस्थापक महोदय, सविनय विनंती की, आपल्या गेममधील समस्त सैनिकांस पहिल्या गोळीपूर्वी चहाची सुट्टी व आठवड्यातून एक भरपगारी रजा तात्काळ मंजूर करण्यात यावी. आपला विश्वासू, हिलाल, लिंबायत.”