लाइट जाईपर्यंत

आवडाबाई: सरक. परद्यामागं कोन हाय?

चंदू: कोणी नाही, मावशी. तुटका पंखा आहे. बघा पाहिजे तर.

आवडाबाई: बगते. मग तो मागच्या दारानं गेला?

चंदू: कोण?

आवडाबाई: येड पांघरून पेडगावला जाऊ नको, चंदू. माजा धाकू. तू त्याचा दोस्त, तूच त्याला लपवतंस.

चंदू: चार वर्षं झाली त्याला घर सोडून. आणि लपवणार कुठे, या एवढ्याशा व्हिडिओ गेम पार्लरमध्ये?

आवडाबाई: मग ह्या जुन्या खेलाच्या पेटीवर त्याचा नाव कोन लिवते?

चंदू: ते तेव्हाचंच आहे. सगळ्यात जास्त पॉइंट त्याचे, म्हणून वर दिसतं. आख्ख्या कोपर गावात त्याचा रेकॉर्ड कोणी तोडला नाही.

आवडाबाई: खोटा. काल सांजेला लाइट गेली, तवा मी हितंच दारात मासलीची पाटी घेऊन बसले व्हते. लाइट आली, मी डोकावले. नाव नव्हता. मना वाचता नाय येत, पन ती तीन विंग्रजी अक्षरां मी वलखते. पयली पोटुशी बाई, मधी शिडी, मंग एक पाय पुढं टाकून चाललेला मानूस. काल नव्हती. आज हायत.

चंदू: नीट दिसलं नसेल.

आवडाबाई: माजं डोलं गेलं नायत. आन् आज सकाली शटर बंद, आन् आतून टुकटुक आवाज. मधु चायवाल्यानं खालून दोन चाय सरकवल्या. दोन कोनाला रं?

चंदू: या मधूच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आवडाबाई: नारली पुनवेला सगली होडीवर, आन् धाकू हितं. बापानं कान धरून वढत नेला. मंग घर सोडून जाताना मना बोलला, आये, सगल्यांच्या वर माजा नाव हाय, येकदा बगायला ये. आता मी रोज येते. सांग त्याला, बाप काय बोलनार नाय. ह्या डब्यात बोंबील हायत, गरम हायत. त्याला दे.

चंदू: मावशी, बसा जरा. तो येत नाही. नाव मी लिहितो.

आवडाबाई: तू? धाकू बोलायचा, चंदूला दुसरी पायरी जमत नाय.

चंदू: तेव्हा नव्हती जमत. या पेटीला काही लक्षात राहत नाही. लाइट गेली की सगळं पुसलं. म्हणून रात्रीसुद्धा बंद करत नाही मी. पहिल्यांदा पुसलं गेलेलं, त्या दिवशी तुम्ही येऊन विचारलंत, आहे ना रे नाव? मला नाही म्हणवेना. दुपारी या म्हटलं, आणि बसलो खेळत. मग दर वेळी तेच. आजचे दोन्ही चहा मीच प्यायलो, खेळातलं रॉकेट काही केल्या टिकेना.

आवडाबाई: नाय पटत. पुस.

चंदू: काय?

आवडाबाई: माज्यासमोर पुस. आन् परत आन.

चंदू: नाही आलं तर?

आवडाबाई: तर मी समजन, तो येते.

(चंदू पेटीचा प्लग काढून पुन्हा लावतो आणि खेळायला उभा राहतो.)

चंदू: एक दांडा, एक बटण. बास. त्या नव्या मशीनला सहा बटणं, पोरं नुसती एकमेकांना बडवतात. हिच्यात वरून किडे येणार, आपण खालून मारायचे. धाकू म्हणायचा, घाई करायची नाही, आधी कडेचे मारायचे. तासन् तास खेळायचो आम्ही.

आवडाबाई: एक पाय उचलून उभा ऱ्हायचा?

चंदू: बगळ्यासारखा.

आवडाबाई: चुलीपाशीबी तसाच. का रं, हात का थांबला?

चंदू: थांबला नाही.

आवडाबाई: थांबला. मुद्दाम मरू नको, चंदू. खरा काय ते मना कलू दे.

चंदू: झालं, मावशी. सगळ्यांच्या वर गेलं. आता अक्षरं टाकायची.

आवडाबाई: म्हंजे तो आलाच नाय.

चंदू: नाही.

आवडाबाई: येकदाबी?

चंदू: एकदाही नाही, मावशी.

आवडाबाई: सरक. पोटुशी टाकलीस, शिडी टाकलीस. चालनारा मी टाकते. कसा करायचा?

चंदू: दांडा असा ढकला. अजून. अजून एकदा. आला. आता बटण दाबा.

आवडाबाई: ऱ्हायला?

चंदू: राहिला. लाइट जाईपर्यंत. हा डबा न्या घरी.

आवडाबाई: उघड आन् खा. सकालपासून पोटात नुसती चाय हाय तुज्या. आन् डबा धुऊन ठेव, परत भरून आनते. लाइट परत जाईल.