सुट्टीतलं आजारपण

दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या काकूंचा गुडघा ठणकत होता, पण कान मात्र शेजारच्या बापलेकीकडे होते.

“वर्षभर कॉलेजात अभिनय शिकलीस आणि सुट्टीत काम काय मिळवलंस, तर आजारी पडायचं!”

“पडायचं नाही बाबा, तसं सोंग करायचं. डॉक्टर होणारी पोरं मला तपासून शिकतात.”

“मग दिवसभर कण्हत बसतेस?”

“छे! तुमची नक्कल करते. जिन्यात थांबायचं, छाती चोळायची, घामाघूम व्हायचं, वर म्हणायचं, गॅस झालाय.”

“गॅसच आहे तो! बापाला विकून खाशील तू. बरं, पोरं काय म्हणाली?”

“एकही जण गॅस म्हणाला नाही, बाबा. म्हणून तर आणलंय तुम्हाला.”

तेवढ्यात काकूंचा नंबर पुकारला.

“तुम्ही जा हो आधी,” काकू म्हणाल्या. “माझा गुडघा कुठे पळून जातोय!”